यादीत आहे का?

टोरंटो विमानतळाजवळच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत मी कागदपत्रं बघते. पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), कस्टम्सचे कोड, कंटेनर कुठल्या जहाजावर चढला आणि कुठे अडकला, हे सगळं. डोंबिवलीला होते तेव्हा न्हावाशेवाच्या मालाचं हेच काम करायचे. बंदर बदललं, डोकेदुखी तीच. 2022 च्या मार्चमध्ये ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सामान छताला टेकलंय आणि ते युक्रेनला न्यायचं कसं हे कुणालाच माहीत नाही. येऊन नुसतं बघतेस का?" तिचे आजी-आजोबा दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांच्या छावणीतून कॅनडात आले. घरात अजून युक्रेनियन बोलतात.

मलाही काहीतरी करायचं होतंच. माझ्या मावसबहिणीचा मुलगा युक्रेनमध्ये तेर्नोपिलला मेडिकलला होता. युद्ध सुरू झाल्यावर तो आणि त्याचे मित्र शेहिनीला, पोलंडच्या सीमेकडे निघाले. बसवाल्याने बरंच अलीकडे सोडलं, तिथून पुढे बॅगा ओढत, गारठ्यात पायी. सीमेवर ढकलाढकली झाली, शिव्या खाल्ल्या, ते तो विसरलेला नाही. पण वाटेतल्या गावात एका बाईने सगळ्या पोरांना घरात घेऊन गरम सूप वाढलं होतं, आणि पलीकडे पोलंडमध्ये मेदिकाला पोचल्यावर कुणीतरी न विचारता खांद्यावर ब्लँकेट टाकलं होतं, तेही तो विसरलेला नाही. भारत सरकारच्या ऑपरेशन गंगामध्ये जे 22 हजारांहून जास्त भारतीय परत आले, त्यांतला तो एक. तो घरी पोचल्यावर बहीण फोनवर म्हणाली, "तुझ्याकडे तिकडची माणसं असतील, तर बघ गं काही करता आलं तर."

तिकडची माणसं कॅनडात भरपूर आहेत. 1891 मध्ये नेबिलिव्ह नावाच्या गावातले दोघे जण आले तिथपासून ही ये-जा सुरू आहे. 2021 च्या जनगणनेत साडेबारा लाखांहून जास्त लोकांनी आपलं मूळ युक्रेनियन असल्याचं नोंदवलंय. पहिल्या महायुद्धात यांच्याचपैकी हजारोंना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून कॅनडानेच छावण्यांत डांबलं होतं, कारण त्यांची गावं तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी या शत्रू साम्राज्यात होती आणि पासपोर्टवर तेच नाव होतं. हे मला त्या हॉलमध्ये कळलं. इथे एवढी वर्षं राहून कुणी सांगितलं नव्हतं.

तर तो हॉल. टोरंटोच्या एटोबिको भागातलं चर्च, खाली मोठा तळघरासारखा हॉल, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. मधे काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांचा डोंगर. एक पिशवी उघडली तर त्यात उंच टाचांच्या सँडल, अर्धी वापरलेली शॅम्पूची बाटली, लहान मुलाचा स्की जॅकेट, एक पत्त्यांचा जोड आणि कुणाच्या तरी नावाचं लेबल असलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. सगळं एकत्र. देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं यात शंका नाही. टीव्हीवर खार्किव्ह दिसलं की माणूस उठतो, कपाट उघडतो, हाताला लागेल ते भरतो आणि गाडी काढतो. पण कस्टम्सला 'मनापासून' हा कोड नाही.

मी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं: तिकडे हे घेणार कोण? नाव, पत्ता, फोन? उत्तर आलं, "युक्रेन." म्हटलं, युक्रेनला डिलिव्हरी घेता येत नाही, सही करणारं माणूस लागतं.

माणूस मिळाला. ल्विव्हमधल्या एका हॉस्पिटलच्या स्टोअरची बाई, हॉलमधल्या एकीच्या नात्यातली. ती व्हायबर या मेसेजिंग अ‍ॅपवर यादी पाठवायची. ती पहिली यादी मी प्रिंट काढून हॉलच्या दारावर चिकटवली आणि तेव्हापासून माझं काम म्हणजे दारात उभं राहून "यादीत आहे का?" असं विचारणं. वाईटपणा घ्यायला परकी बाई बरी, हे सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. एक आजी घरी घातलेल्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन आल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, नीट. काचेच्या बरण्या, पातळ खारं पाणी, लेबल नाही. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मैत्रिणीला काहीतरी बोलल्या (तिने मला भाषांतर करून सांगितलं नाही), आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बरण्या उघडून पॅकिंगवाल्या पोरांना लोणचं वाढलं. पुढच्या आठवड्यात त्याच आजी टेप आणि मार्कर घेऊन आल्या. आजही आमच्याकडे सगळ्यात सरळ लेबल त्याच लावतात.

आता प्रत्यक्ष माल कसा जातो ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की विमानात टाकलं की कीवला उतरलं. 24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. विमानाने माल गेला तरी पोलंडपर्यंत, आणि तिथून ट्रक. विमानात नुसतं वजन बघत नाहीत, आकारमानही लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, सहा हजाराने भागायचं, जो आकडा मोठा त्याचे पैसे. मोठ्या माणसांचे डायपर विमानाने पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. त्यामुळे विमानाने फक्त छोटं, महाग आणि तातडीचं. बाकी सगळं चाळीस फुटी कंटेनरमध्ये. कंटेनर रेल्वेने मॉन्ट्रियलला जातो, तिथून जहाजाने युरोपात, मग पोलंडमधून सीलबंद ट्रान्झिटच्या कागदावर सीमेपर्यंत. सगळं सुरळीत झालं तरी आठवडे जातात. म्हणून थंडीचे कपडे सप्टेंबरमध्ये भरायचे. डिसेंबरमध्ये कोट घेऊन येणाऱ्याला हे पटवणं अवघड जातं, कारण त्याला बाहेर बर्फ दिसत असतो.

पॅलेटचं, म्हणजे खोकी रचायच्या लाकडी फळीचं, लाकूड हा वेगळाच विषय. युरोपात जाणारं लाकडी पॅकिंग उष्णतेने कीडमुक्त केलेलं लागतं, आणि तसा गव्हाच्या कणसाचं चिन्ह असलेला शिक्का त्यावर असावा लागतो. एका भल्या सुताराने स्वतःच्या गॅरेजमध्ये आमच्यासाठी पॅलेट बनवून आणले, एकदम मजबूत, कडा घासून गुळगुळीत. शिक्का नाही. ते आता हॉलमध्ये बसायला बाक म्हणून वापरतात. खोक्याचं वजन मी वीस किलोच्या आत ठेवायला लावते, कारण पुढे कुठल्या गावात फोर्कलिफ्ट असेल याची खात्री नसते, आणि उतरवून घेणारे बहुतेकदा म्हातारे आणि बायका असतात. प्रत्येक खोक्यावर नंबर, आत काय ते युक्रेनियन आणि इंग्रजीत, आणि तोच नंबर पॅकिंग लिस्टवर. 'विविध वस्तू' असं लिहिलेलं खोकं मी परत उघडायला लावते. माझ्यावरून त्यांच्यात विनोद चालतात, चालू देत.

औषधांच्या बाबतीत तर अजून कडक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दान केलेलं औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत संपायला किमान एक वर्ष असावं. घरातल्या कपाटातली उरलेली पाकिटं बाद. इन्सुलिनला दोन ते आठ डिग्रीची साखळी लागते, ती आम्हाला जमण्यासारखी नव्हती, तेव्हा तेही नाही. मग उरतं काय? बँडेज, ग्लोव्ह्ज, कॅथेटर, वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर. टोरंटोच्या आसपासच्या हॉस्पिटलांत आणि वृद्धाश्रमांत हे सामान थोडं जुनं झालं की बाहेर काढतात, आणि तिकडे त्याला सोन्याचा भाव आहे. कंटेनर भरून न्यावं असं काही असेल तर हेच.

आणि टूर्निकेट. हे मला आधी माहीत नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. हातापायाला जबर जखम झाली की रक्त थांबवायला जखमेच्या वर आवळायचा पट्टा. कापडी पट्टा, त्यावर प्लॅस्टिकची एक कांडी. कांडी पिळायची, पट्टा आवळत जातो, मग कांडी खाचेत अडकवायची. शेजारी एक छोटी पांढरी पट्टी असते, तिच्यावर किती वाजता बांधलं ते लिहायचं, कारण पुढच्या डॉक्टरला ते कळलं पाहिजे. युद्ध सुरू झाल्यावर याच्या नकला बाजारात आल्या. ऑनलाइन स्वस्तात, दिसायला हुबेहूब. आमच्याकडे एक पॅरामेडिक स्वयंसेवक यायचा. प्रत्येक नव्या लॉटमधला एक उघडून तो स्वतःच्या मांडीला किंवा जो समोर असेल त्याच्या दंडाला बांधायचा आणि त्या हाताची किंवा पायाची नाडी बंद होईपर्यंत पिळायचा. एकदा माझ्या दंडाला बांधला. दुखतं, चांगलंच दुखतं. बोटं आधी मुंग्या येऊन जड झाली, मग रंग बदलला. तो म्हणाला, "हा खरा." पुढच्या लॉटमधल्या एकाची कांडी दुसऱ्याच पिळाला वाकली आणि कट्कन मोडली. ते सगळं खोकं त्याने तिथल्या तिथे कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं, नुसतं बाजूला ठेवलं नाही, म्हणजे चुकूनही कुणी परत भरायला नको. ज्याने ते पैसे जमवून विकत घेतले होते तो माणूस शेजारी उभा होता. कुणीच काही बोललं नाही.

टूर्निकेटवरूनच हॉलमध्ये मोठं भांडण झालं. कॅनडात नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला परक्या देशाच्या सैन्याला मदत करता येत नाही. केली तर नोंदणी जाऊ शकते, आणि नोंदणी गेली की देणगीदाराला कराची पावती मिळत नाही. म्हणजे हॉस्पिटलला आणि अ‍ॅम्ब्युलन्सला टूर्निकेट चालतो, तुकडीला नाही. तरुण मुलांचं म्हणणं, ज्याचा पाय उडालाय तो सैनिक आहे की शिक्षक हे कोण विचारत बसणार? शेवटी दोन वाटा झाल्या. आमचा हॉल फक्त हॉस्पिटलं आणि नागरिकांसाठी, पावतीसकट. ज्यांना सैन्याला द्यायचं होतं त्यांनी वेगळा गट काढला, पावतीशिवाय, आणि त्यांचं सामान आमच्या हॉलमध्ये ठेवायचं नाही असं ठरलं. मला हे योग्य वाटलं, अजून वाटतं. काहींनी त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं.

10 ऑक्टोबर 2022 पासून रशियाने वीजकेंद्रांवर मोठा मारा सुरू केला आणि यादीत जनरेटर आले. इथे मात्र माझं डोंबिवलीपण कामाला आलं. भारतातून कॅनडात मिक्सर घेऊन आलेल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, 120 व्होल्ट आणि 230 व्होल्ट यातला फरक तिला तोंडपाठ असतो. युक्रेनमध्ये आपल्यासारखाच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. कॅनडात 120 आणि 60. इथल्या हार्डवेअरच्या दुकानातला जनरेटर तिकडच्या बॉयलरच्या पंपाला लावून चालत नाही. लोक एकेक हजार डॉलरचे जनरेटर गाडीत घालून आणत होते आणि मी त्यांना सांगत होते की दुकानात परत करा, पैसे द्या, आम्ही पोलंडमध्ये विकत घेऊ. वाहतूक वाचते, सुटे भाग तिथेच मिळतात, दोन-तीन दिवसांत सीमेपार. हिशोबाने याच्याइतकं सरळ काही नाही. तरी पैसे द्यायला हात आखडता, वस्तू द्यायला सढळ. बँकेच्या ट्रान्स्फरला खोकं भरल्याचं समाधान नसतं, हे मला कळतं. पण जहाजाचं भाडं समाधानावर चालत नाही. हॉस्पिटलच्या विजेवरच्या खाटांचंही तेच. हँडलने फिरवायच्या खाटा असतील तर आणा म्हणते.

रविवारच्या शाळेतल्या मुलांनी त्याच हिवाळ्यात रिकाम्या टिनच्या डब्यांत पुठ्ठ्याची गुंडाळी घालून वर मेण ओतून मेणबत्त्या बनवल्या. खंदकात ऊब घ्यायला आणि पाणी तापवायला तिकडे अशा मेणबत्त्या घरोघरी बनवत होते. टोरंटोहून मेण पाठवणं हा शुद्ध वेडेपणा, आणि यादीत ते नव्हतंच. पण प्रत्येक डब्यावर मुलांनी चित्रं चिकटवली होती, आणि कंटेनरच्या दाराशी थोडी जागा उरली होती. पॅकिंग लिस्टवर मी 'मेणबत्त्या, हाताने बनवलेल्या' असं लिहिलं आणि कोड शोधला. आहे तसा कोड.

जुन्या बायकांना हे पार्सलचं तंत्र आमच्यापेक्षा जास्त येतं. वॉकर पुसता पुसता एक आजी सांगायच्या की सोव्हिएत काळात तिकडच्या नातेवाइकांना पार्सल पाठवायचं तर तिकडची जकात इथेच आगाऊ भरावी लागे. पैसे पाठवण्यापेक्षा फुलांचे लोकरी रुमाल पाठवायचे, कारण रुमाल गावात विकता यायचा. एका चांगल्या रुमालावर कुटुंबाचे दिवस निघायचे. पत्रात सरळ काही लिहायची सोय नव्हती, तपासलं जायचं. सामान पोचलं की नाही हे पुढच्या पत्रातल्या एखाद्या वाक्यावरून ओळखायचं. "आता तर फोटो येतो," त्या म्हणाल्या आणि पुढचा वॉकर ओढला.

फोटो आले पाहिजेत हा माझाही आग्रह. सही-शिक्क्याची पोच, आणि हॉस्पिटलच्या दारात खोक्यांवरचे नंबर दिसतील असा फोटो.

नव्या आलेल्यांनी हॉलचं वारं बदललं. मार्च 2022 मध्ये कॅनडाने तातडीचा व्हिसा काढला, त्यावर पुढच्या दोन वर्षांत जवळजवळ तीन लाख लोक आले. खार्किव्हच्या, मारियुपोलच्या बायका हॉलमध्ये आल्या, काहींच्या तोंडी रशियन. इथे तीन पिढ्या युक्रेनियन जपून ठेवलेल्या म्हाताऱ्यांना ते खटकायचं. त्यांची स्वतःची युक्रेनियन मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या गालिसियातली, म्हणजे पश्चिम युक्रेनच्या जुन्या प्रांतातली, ती ऐकून या मुलींना हसू यायचं. वरेनिकींचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, सारण कुठलं खरं यावरून एक पूर्ण शुक्रवार गेला. पण यादी वाचायची वेळ आली की नव्यांचंच ऐकायचे, कारण कुठल्या शहरात कुठलं हॉस्पिटल चालू आहे हे त्यांना माहीत. जून 2023 मध्ये काखोव्का धरण फुटलं तेव्हा खेरसोनची एक बाई फोनवरून तिकडच्या शेजाऱ्यांशी बोलत माझ्यासमोर यादी लिहीत होती: पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, रबरी बूट, पंप. पंपावर मी व्होल्टेज लिहिलं, तिने मान डोलावली.

मला तिथे एक प्रश्न नेहमी यायचा. एका काकांनी पॅलेटला स्ट्रेच फिल्म गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तुमचा देश रशियाचं तेल का घेतो?" मी काय सांगणार? म्हटलं, घेतो, आणि मी इथे फिल्म धरून उभी आहे. भारतानेही मार्च 2022 मध्येच औषधं आणि ब्लँकेट पोलंडमार्गे पाठवली होती, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान कीवला गेले तेव्हा चार 'भीष्म' क्यूब, म्हणजे खोक्यांतून नेता येणारं छोटं हॉस्पिटल, दिली. काकांना ते ऐकून बरं वाटलं, पण तेलाचं ते विसरले नाहीत. दर वेळी विचारतात. आमच्या मराठी ग्रुपवर मी व्हीलचेअरच्या वाहतुकीसाठी पैसे मागितले तेव्हा एकाने लिहिलं, आपल्याकडे काय कमी गरजा आहेत? दुसऱ्याने काही न लिहिता पैसे पाठवले. त्याचा मुलगाही 2022 मध्ये युक्रेनमधून परत आलेला.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये पोलिश ट्रकवाल्यांनी सीमेवर रस्ते अडवले. युरोपियन युनियनने युक्रेनच्या ट्रकना परमिटमधून सूट दिली होती, त्याविरुद्ध त्यांचा राग. मदतीच्या गाड्या सोडू असं सांगत होते, पण रांग एकच. पुढचे हलले तर मागचे हलणार. आमचा ट्रक त्यात उभा राहिला आणि ड्रायव्हर रोज रात्री एकच फोटो पाठवायचा, समोरच्या ट्रकची मागची दारं. त्याच सुमारास, डिसेंबरपासून, युक्रेनने मदतीच्या मालासाठी नवी ऑनलाइन नोंदणी आणली. आधी युद्धाच्या सुरुवातीला सीमेवर एक साधं डिक्लरेशन भरून माल आत जायचा. आता घेणाऱ्या संस्थेने सरकारी प्रणालीत नाव नोंदवायचं, प्रत्येक मालाला कोड घ्यायचा आणि नंतर वाटपाचा अहवाल द्यायचा. हॉलमध्ये ओरड झाली की लोक मरतायत आणि यांना फॉर्म सुचतायत. मदतीचा माल बाजारात विकला गेल्याच्या तक्रारी मी ऐकल्या होत्या, त्यामुळे मला फॉर्मचं काही वाटलं नाही. उलट आता खोक्याचा नंबर दोन्ही बाजूंना एकच असतो. गावातल्या छोट्या संस्थांना मात्र हे झेपत नाही, त्यांच्याऐवजी कुणीतरी मोठी संस्था माल घेते आणि पुढे देते. मधे एक हात वाढला.

सामान आता पूर्वीसारखं येत नाही. 2022 मध्ये कंटेनर बघता बघता भरायचा, आता महिने लागतात. भाड्याचे पैसे वरेनिकी विकून उभे राहतात: बायका सकाळपासून लाटायला बसतात, बटाटा-चीजच्या डझनाच्या पिशव्या दुपारपर्यंत संपतात. मी लाटायला बसले तर माझ्या कडा उसवतात, म्हणून मला पैसे घ्यायला बसवलंय. यादीही बदलली. टूर्निकेट आहेतच, पण आता कुबड्या, व्हीलचेअर, कृत्रिम पाय बसवलेल्यांच्या व्यायामाचं सामान, भाजल्यावरची ड्रेसिंग हे वर गेलंय.

टोरंटो-मिसिसागाच्या बाजूला कुणी मराठी वाचक असतील आणि घरात आईवडिलांसाठी आणलेला वॉकर किंवा व्हीलचेअर पडून असेल, तर तुमच्या भागातल्या युक्रेनियन चर्चमध्ये फोन करून आधी विचारा. ब्रेक चालतात का ते बघून ठेवा, आणि पायाचे टेकू वेगळे निघत असतील तर त्याच खुर्चीला टेपने बांधून द्या. सुटे टेकू कुठल्या खुर्चीचे हे शोधण्यात आमची अर्धी संध्याकाळ जाते. कपडे नकोत.